मुक्या साधनांचे ऋण

निर्जीव वस्तूंविषयी माणसाचे काही कर्तव्य असते काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. कर्तव्य असते ते परमेश्वराविषयी, शेजाऱ्याविषयी, स्वतःविषयी. फार तर मुक्या जनावरांविषयी. खुर्ची, छत्री, घड्याळ, संगणक यांना ना मन, ना आत्मा. त्यांना दुःख होत नाही, त्यांचा अपमान होत नाही. मग त्यांच्याशी आपण कसे वागतो हा नीतीचा विषय कसा व्हावा?

या प्रश्नाला आपल्या काळात दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर बाजाराचे आहे : पैसे मोजले, वस्तू माझी झाली, ती जपायची, मोडायची की टाकायची ही माझी मर्जी. दुसरे उत्तर भाविकपणाचा वेश घेऊन येते : ऐहिक वस्तूंत जीव कशाला गुंतवायचा? आज आहेत, उद्या नाहीत. ही दोन्ही उत्तरे एकमेकांच्या उलट दिसत असली तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे, आणि तो हा की वस्तूंची हेळसांड झाली तर फारसे बिघडत नाही. आम्हांस हा निष्कर्ष ख्रिस्ती विचाराशी विसंगत वाटतो. तो तसा का वाटतो, हे घरोघरी आढळणाऱ्या एका साध्या उदाहरणाच्या आधारे मांडावे असा आमचा मानस आहे.

उदाहरण लॅपटॉपचे घेऊ. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग घरात आले, तेव्हा अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून मुलांसाठी लॅपटॉप घेतला. काही वर्षे त्याने निमूटपणे काम केले. मग तो तापू लागला. मांडीवर ठेवला तर चटका बसावा इतका तापू लागला. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. पूर्वी क्षणात उघडणारे पान आता उघडता उघडेना. घरात निकाल दिला जातो : ‘जुना झाला. आता नवा घ्यायला हवा.’ हा निकाल बहुधा चौकशीवाचून दिलेला असतो. पुष्कळदा त्या यंत्रात मोडलेले काहीच नसते. त्यात धूळ साचलेली असते, इतकेच.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आमचे पुढील विवेचन त्यावर उभे आहे. लॅपटॉप जी वीज घेतो तिचे अखेर जवळजवळ सर्वस्वी उष्णतेत रूपांतर होते. त्यातील मोठा भाग प्रोसेसर नावाच्या लहानशा चकतीत निर्माण होतो. ती उष्णता वाहून नेण्यासाठी प्रोसेसरवर धातूची पट्टी घट्ट बसवलेली असते. दोहोंच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचा पातळ लेप असतो. कारण वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागांतही सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांत हवा राहिली तर उष्णता तेथेच अडते. पट्टीला जोडलेली तांब्याची चपटी नळी आतून पोकळ असते. तिच्यात बहुधा किंचित पाणी असते. ते तापलेल्या टोकाशी वाफ होते, दुसऱ्या टोकाशी निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून माघारी येते. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. पंखा झरोक्यांतून हवा आत ओढतो आणि या जाळीतून बाहेर फेकतो. एवढीच ती व्यवस्था.

परंतु पंखा हवेबरोबर धूळही ओढतो : रस्त्यावरची माती, अंथरुणा-पांघरुणांचे तंतू, केस, आपल्याच कातडीचे सुटलेले कण. जाळीच्या तोंडाशी त्यांचा थर बसत जातो आणि काही वर्षांत तेथे लोकरीच्या घोंगडीचा तुकडा ठोकल्यासारखे होते. हवा अडते. उष्णता वाढली की पंखा अधिक वेगाने फिरतो. तोच तो आवाज. तेवढ्याने भागले नाही आणि तपमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागले, तर प्रोसेसर आपली गती उतरवतो. तोच तो मंदपणा. तेही अपुरे पडले तर यंत्र आपणहून बंद पडते. म्हणजे ज्या गोष्टींना आपण दोष समजून वैतागतो, त्या सगळ्या यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या धडपडी असतात. काही जण या आवाजावर तोडगा म्हणून पंख्याची गतीच कमी करून ठेवतात. घरात शांतता होते, आणि आतील भाग पूर्वीपेक्षा अधिक भाजून निघतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारण आणि लक्षण यांतील भेद आम्ही पहिल्याच वर्षी घोकला होता. लक्षण दाबून कारण नाहीसे होत नाही, हे वैद्यापासून धर्मगुरूपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. तरीही आम्हांस येथे अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच बाब. धूळ साचणे ही घटना नाही. कप हातातून निसटून फुटतो तेव्हा एक क्षण असतो, एक हात असतो, एक चूक असते. धूळ साचण्याला मात्र तारीख नसते. कोणी काहीही केलेले नसते. किंबहुना कोणी काही केले नाही म्हणूनच ती साचलेली असते. मिस्सेच्या प्रारंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर आणखी एका गोष्टीबद्दल क्षमा मागतो : जे करावयास हवे होते आणि केले नाही त्याबद्दल. आमच्या अनुभवास असे आले आहे की, प्रायश्चित्त संस्कारात पहिल्या तिहींचा उच्चार होतो. चौथ्याचा क्वचितच होतो. न केलेले आठवत नाही, कारण त्याला आठवणीत राहण्याजोगा आकारच नसतो.

यावर कोणी विचारील, न केलेली प्रत्येक गोष्ट पाप कशी ठरेल? जगात करण्याजोग्या चांगल्या गोष्टी असंख्य आहेत. त्या सगळ्या कोण करू शकणार? संत थॉमस अक्वायनस यांनी या शंकेचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते कर्तव्यलोप म्हणजे कोणतेही चांगले कृत्य न करणे असे नाही; जे आपल्याकडून देय होते ते न करणे म्हणजे कर्तव्यलोप. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो : यंत्र स्वच्छ ठेवणे हे देय आहे काय, आणि असल्यास कोणाला? यंत्राला नाही, हे उघड आहे. यंत्राला हक्क नसतात. परंतु यंत्राच्या मागे, पुढे आणि भोवती माणसे उभी असतात, आणि ऋण असते ते त्यांचे.

प्रथम, यंत्राच्या मागे उभी असलेली माणसे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात ते सांगतात की आज माणूस ज्या साधनांनी काम करतो ती सारी साधने पूर्वीच्या माणसांच्या श्रमांतून उभी राहिलेली आहेत. साधन म्हणजे साठवलेला श्रम. लॅपटॉपच्या बॅटरीत कोबाल्ट असते, आणि जगातील कोबाल्टचा सर्वांत मोठा वाटा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या खाणींतून येतो. तेथील हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे वारंवार उजेडात आलेले आहे. २०२३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस किन्शासा येथे गेले, तेव्हा आफ्रिकेच्या भूमीची ही लूट थांबवा असे त्यांनी निक्षून सांगितले. आपण मोजलेल्या किमतीत त्या हातांचे मोल चुकते झाले असे कोणास प्रामाणिकपणे म्हणता येईल काय? ज्याची किंमत पुरती चुकवलेली नाही ती वस्तू निदान वाया घालवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

दुसरी, यंत्राच्या पुढे उभी असलेली माणसे. खाजगी मालकी न्याय्य आहे, असेच संत थॉमस मानतात. परंतु उपयोगाच्या बाबतीत माणसाने आपल्या वस्तू केवळ स्वतःच्या समजू नयेत, गरजवंताला त्या सहज देता याव्यात अशा वृत्तीने बाळगाव्यात, असेही ते बजावतात. स्वच्छ राखलेला लॅपटॉप आपल्या घरी पाच वर्षे वापरल्यानंतर दुसऱ्या घरातल्या मुलाला आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. धुळीने भाजून निघालेला लॅपटॉप कोणाच्याच कामाचा राहत नाही. तेव्हा आपण ज्याची हेळसांड करतो ती वस्तू, वापराच्या दृष्टीने पाहता, अर्धी दुसऱ्याची असते.

तिसरी, यंत्राच्या भोवतालची माणसे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. उरलेल्याचे काय होते? त्यातील बराचसा आपल्याच शहरांच्या कडेला जातो. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, धातू सुटे करण्यासाठी आम्ल वापरले जाते, आणि तो धूर गरिबांच्या फुप्फुसांत उतरतो. आपल्या देशात या कचऱ्यासाठी नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण कचरा नीट टाकण्यापेक्षा तो उशिरा निर्माण करणे केव्हाही श्रेयस्कर.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आध्यात्मिक आहे. वस्तूंची इतकी चिंता वाहणे म्हणजे त्यांच्यात गुंतणे नव्हे काय? दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांना तर वस्तूंविषयी उदासीनता शोभते. परंतु ज्यांनी ते व्रत खरोखर पाळले त्यांची साक्ष निराळी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूला त्यांनी सांगितले आहे की, मठातील सर्व भांडी व सामान त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखे मानावे. जो बंधू मठाची अवजारे अस्वच्छ ठेवील किंवा हयगयीने वापरील त्याची कानउघाडणी करावी. स्वयंपाकघरातील पाळी संपली की भांडी स्वच्छ व धडकी परत करावीत. ज्यांच्या मालकीचे काहीही नव्हते त्यांनी प्रत्येक फावडे जपले, ते यामुळेच. आसक्ती म्हणते, ‘हे माझे आहे’. काळजी म्हणते, ‘हे माझ्याकडे सोपवलेले आहे’. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. बाग आदामाला विकलेली नव्हती.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. लॅपटॉप उघडणे प्रत्येकास जमणारे नाही. काही यंत्रे तर अशी बनवलेली असतात की त्यांची झाकणे गोंदाने चिकटवलेली, स्क्रू वेगळ्याच आकाराचे, सुटे भाग दुर्मीळ. हे खरे आहे, आणि येथे दोषाचा मोठा वाटा उत्पादकाच्या पदरी जातो. जी वस्तू मुद्दामच दुरुस्त होऊ नये अशी बनवली जाते, ती विकत घेणाऱ्याला हेळसांडीची सक्तीच करते. दुरुस्तीचा हक्क ही कल्पना आता जगभर मूळ धरीत आहे. भारत सरकारनेही २०२२ साली त्यासाठी समिती नेमली. खरेदी करताना ‘हे उघडते का, याचे भाग मिळतात का’ असा प्रश्न दुकानदाराला विचारणे हेही ग्राहकाचे नैतिक कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

तथापि बहुतेक लॅपटॉप अजूनही उघडतात, आणि स्वच्छतेचे काम गूढ नाही. यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. तळचे झाकण उघडताना कोणता स्क्रू कोठून निघाला याची कागदावर खूण ठेवावी, कारण त्यांची लांबी सारखी नसते. मग बॅटरीचा जोड सोडवावा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत आणि मगच हवेचा झोत मारावा. मोकळी सोडल्यास ती भलत्या वेगाने फिरून पंख्याला इजा होते. घरातील व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. त्याने स्थिर वीज निर्माण होऊन नाजूक भाग निकामी होऊ शकतात. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये बसलेला थर मऊ ब्रशने अलगद काढावा. प्रोसेसरवरील लेप सुकून खडूसारखा झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून नवा लेप अगदी थोडा लावावा. पट्टी परत बसवताना एकच स्क्रू पुरता आवळू नये. समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र पुढे काही करू नये. यंत्र न वापरता जाणकाराच्या स्वाधीन करावे. आणि यापुढे लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये, कारण त्याने तळचे झरोके बुजतात.

या कृतीत आम्हांस एक जुनी ओळख पटते. आपल्या आजी-आजोबांच्या घरात अशी कामे ऋतूंसारखी ठरलेली असत. विहिरीवरच्या रहाटाला आणि गाडीच्या चाकाला वंगण घातले जाई. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई होई. रॉकेलचा स्टोव्ह धूर ओकू लागला तर त्याच्या तोंडात बारीक पिन घालून काजळी काढीत. स्टोव्ह उकिरड्यावर टाकावा असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. ते सारे केवळ दारिद्र्यापोटी होत होते, असे म्हणणे त्या पिढीवर अन्याय करणारे ठरेल. त्यांना ठाऊक होते की वापर आणि राखण ही एकाच हाताची दोन कामे आहेत.

ज्यांना हे स्वतः जमत नाही त्यांनी कारागिराकडे जावे, आणि तेथे आपल्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते. नव्या लॅपटॉपसाठी हजारो रुपये आपण हूं की चूं न करता मोजतो, बऱ्याचदा कर्ज काढूनही मोजतो. परंतु नाक्यावरचा दुरुस्ती करणारा तरुण तासभर मान मोडून बसतो, धूळ नाकातोंडात घेतो आणि काहीशे रुपये मागतो, तेव्हा आपली जीभ सैल सुटते : ‘नुसती धूळ तर काढलीस, एवढे कसले?’ वस्तूची किंमत आपल्याला कळते, हाताची कळत नाही. नाझरेथच्या सुताराच्या घरात प्रभू येशूची तीस वर्षे गेली. त्या घरी मोडक्या वस्तू दुरुस्तीला येत नसतील असे कोण म्हणेल? जो समाज दुरुस्त करणाऱ्याला हलका मानतो त्या समाजात दुरुस्ती मरते, आणि मग कचऱ्याबद्दल हळहळून उपयोग नाही.

येथे दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक यंत्र वाचवलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. जे यंत्र दुरुस्तीने सावरत नाही, किंवा ज्याच्यापायी घरातल्या माणसाचा वेळ व जीव शिणतो, ते सन्मानाने निरोप द्यावे अशा अवस्थेला आले आहे, हे विवेकाने ओळखावे आणि ते रीतसर संकलन करणाऱ्यांकडे पोहोचते करावे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. माणूस हे यंत्र नाही. थकलेल्या, संतापाने तापलेल्या माणसाला धूळ झटकल्यासारखे ठाकठीक करून पुन्हा कामाला जुंपावे, असा धडा कोणी या उदाहरणातून काढू नये. यंत्राची राखण ते चालावे म्हणून करायची असते. माणसाची काळजी, तो चालो वा न चालो, करायचीच असते. नेमका हाच भेद आपण उलटा करीत आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात टाकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला आहे, त्यात टाकलेल्या वस्तू आणि दूर सारलेली माणसे यांचा उल्लेख त्यांनी एकाच श्वासात केला. ज्या घरात थोडा आवाज करणारी, थोडी मंद झालेली प्रत्येक वस्तू तत्काळ बाहेर जाते, त्या घरात थोडे बहिरे, थोडे मंद झालेले आजोबा कोपऱ्यात बसून काय विचार करीत असतील? आणि मुले त्या घरात काय शिकत असतील?

पाच हजारांना भोजन दिल्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. हे योहानकृत शुभवर्तमानात आपण दर काही वर्षांनी ऐकतो आणि बारा टोपल्यांच्या संख्येवर थांबतो. ज्याने क्षणापूर्वी अपार विपुलता निर्माण केली त्याला तुकड्यांची काय गरज होती? गरज नव्हती, तरी त्याने ते वेचून घेतले. विपुलता हे उधळण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्याने करून दाखवले.

राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाते आणि आपण माती आहोत याची आठवण दिली जाते. यंत्राच्या जाळीत जे साचते त्यात काही अंश आपल्याच देहाचा असतो. यंदाच्या प्रायश्चित्तकाळात एखाद्या शनिवारी प्रत्येक कुटुंबाने घरातली अशी एक तरी वस्तू उघडावी किंवा उघडून घ्यावी, मुलांना शेजारी बसवून ती स्वच्छ करावी आणि कारागिराला त्याचे दाम घासाघीस न करता द्यावे, अशी आमची विनंती आहे. आणि कपाटात बंद पडून असलेला जुना लॅपटॉप स्वच्छ केल्यावर चालू झाला, तर आपल्या धर्मग्रामात ज्या मुलाला त्याची गरज आहे त्याच्याकडे तो ईस्टरपूर्वी पोहोचवावा.